नाताळची पंगत आणि रिकामी जागा : कौटुंबिक मेळाव्याचा बायबलमधील अर्थ

ख्रिस्तजयंती हा जसा चर्चचा सण आहे, तसाच तो घराचाही सण आहे. डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की वसईच्या वाड्यांत, मुंबईच्या गावठाणांत, कोकणात आणि गोव्यात घरांना रंग लागतो, अंगणात गोठा उभा राहतो, करंज्या आणि नेवऱ्या तळल्या जातात. नोकरीनिमित्त आखाती देशांत, जहाजांवर किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियात गेलेली मंडळी सुट्टी काढून घरी येतात. लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी येतात. मध्यरात्रीची मिस्सा आटोपते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन पिढ्या एका पंगतीला बसतात. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की चर्चमध्ये घडतो तो धर्म आणि घरी घडते ती केवळ मौज, अशी वाटणी आपण नकळत करून टाकतो.

पवित्र शास्त्राला ही वाटणी मान्य नाही. देवाने आपल्या प्रजेशी केलेल्या व्यवहारातील कित्येक निर्णायक प्रसंग घरात, नातेवाइकांच्या मेळाव्यात आणि जेवणाच्या वेळी घडलेले आहेत. मात्र बायबल या मेळाव्यांचे गोड चित्र रंगवीत नाही. तेथे भावाभावांत वैर आहे, सवतीचे टोमणे आहेत, वारशाचे तंटे आहेत, आणि एखाद्याची जागा रिकामी आहे. जमलेल्या कुटुंबाला शास्त्र जणू तीन प्रश्न विचारते : देवाने केलेल्या उपकारांची आठवण पुढच्या पिढीला दिली गेली का? पंगतीत कोणाची जागा रिकामी आहे? आणि ती भरावी म्हणून कोण उठणार आहे? या तीन प्रश्नांच्या आधारे नाताळकाळातील एकत्र येण्याचा अर्थ या लेखात समजून घेऊ या.

नाताळकाळ आणि उपासनेचे पंचांग

अनेकांच्या मनात नाताळ २५ डिसेंबरच्या रात्री संपतो. ख्रिस्तसभेच्या उपासना-पंचांगात मात्र तो त्या दिवशी सुरू होतो. २४ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेपासून जानेवारीतील प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतो. त्यातील पहिले आठ दिवस एकच मोठा सण म्हणून पाळले जातात. या आठ दिवसांत येणाऱ्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो. नाताळच रविवारी आला, तर तो ३० डिसेंबरला साजरा होतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली या सणाला चालना दिली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२१ साली तो सार्वत्रिक ख्रिस्तसभेसाठी लागू केला आणि १९६९ च्या सुधारित पंचांगात त्याला नाताळच्या आठवड्यातील आजचे स्थान मिळाले. १ जानेवारीला आपण पवित्र मरिया, देवमाता हिचा सोहळा साजरा करतो. पोप सहावे पॉल यांच्या पुढाकाराने १९६८ पासून तोच दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही पाळला जातो.

याच आठ दिवसांत २६ डिसेंबरला पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन आणि २८ डिसेंबरला हेरोदाने मारलेली निरपराध बालके यांचे सण येतात. गोठ्याभोवतीची रोषणाई चालू असतानाच ख्रिस्तसभा आपल्याला पुत्र गमावलेल्या बेथलेहेमच्या मातांची आठवण देते. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला आहे, जेथे यंदा गोडधोड शिजलेले नाही, त्या घराने आपण या सणाबाहेर पडलो आहोत असे मानण्याचे कारण नाही. नाताळच्या पंचांगातच त्यांच्या अश्रूंसाठी जागा राखलेली आहे.

जुन्या करारातील घर : आठवण सांगण्याची जागा

इस्राएली लोकांच्या भाषेत कुटुंबाला 'पित्याचे घर' असे म्हणत. त्यात आई-वडील आणि मुले एवढेच येत नसत. आजी-आजोबा, विवाहित पुत्र, त्यांच्या बायका-मुले, चाकरमाणसे आणि आश्रयाला आलेला परदेशीही त्यात मोडत असे. आपल्याकडील जुन्या एकत्र कुटुंबाशी याचे साम्य सहज लक्षात येईल.

इस्राएलच्या मुक्तीचा सर्वांत मोठा सण, म्हणजे वल्हांडण, प्रथम साजरा झाला तो मंदिरात नव्हे. तेव्हा मंदिरच नव्हते. प्रत्येक घराने एक कोकरू घ्यावे, अशी आज्ञा झाली. तिच्यात एक सूक्ष्म तरतूद आहे. एखादे कुटुंब लहान असून त्याला पूर्ण कोकरू जास्त होत असेल, तर त्याने शेजारच्या घराला बरोबर घ्यावे (निर्गम १२:३–४). एकट्या विधवेने किंवा अपत्यहीन दांपत्याने तो सण एकटे बसून पाळावा, अशी वेळ येऊ नये, याची सोय त्यातून झाली. मुलेबाळे परदेशी असल्यामुळे मोठ्या घरात दोघेच उरलेले वृद्ध पती-पत्नी आज आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांच्यासाठी ही साडेतीन हजार वर्षांच्या परंपरेत रुजलेली आज्ञा अजून जुनी झालेली नाही.

त्याच अध्यायात दुसरी महत्त्वाची गोष्ट येते. मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना प्रभूने केलेल्या सुटकेची हकिकत सांगावी, असे मोशे बजावतो (निर्गम १२:२६–२७). विश्वासाचे हस्तांतर लहान मुलाच्या प्रश्नापासून सुरू होते. पंगतीत मुलाने प्रश्न विचारण्याइतकी शांतता हवी, आणि उत्तर देण्याइतकी तयारी मोठ्यांची हवी. सगळे घर जमले असूनही प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये बुडालेला असेल, तर मूल विचारणार कोणाला? गोठ्यातील गाय कशासाठी, मेंढपाळच आधी का आले, आपल्या पणजोबांच्या काळी नाताळ कसा होत असे, हे प्रश्न आजी-आजोबांसाठी सुवार्ता सांगण्याचे निमित्त ठरू शकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ख्रिस्तसभाविषयक घटनापत्रात कुटुंबाला 'घरातील ख्रिस्तसभा' म्हटले आणि आई-वडिलांना आपल्या मुलांचे पहिले सुवार्तिक मानले, ते याच अर्थाने.

बेथलेहेममधील वार्षिक मेळावा आणि रिकामे आसन

बेथलेहेम हे नाव ऐकताच आपल्याला गव्हाणी आठवते. परंतु प्रभूच्या जन्मापूर्वी सुमारे एक हजार वर्षे त्याच गावाचे नाव एका कौटुंबिक मेळाव्याच्या संदर्भात येते. शौल राजा जिवावर उठला असल्याने दावीद त्याच्या पंगतीस जात नाही. त्याच्या गैरहजेरीचे कारण म्हणून योनाथानाने सांगावयाचे असते, ते असे की बेथलेहेमात दाविदाच्या साऱ्या कुळाचा वार्षिक यज्ञ आहे आणि भावाने त्याला बोलावले आहे (१ शमुवेल २०:६, २८–२९). ही सबब होती हे खरे. पण ती चालण्यासारखी होती, यावरून वर्षातून एकदा सर्व कुळाने मूळ गावी जमण्याची रीत लोकांना परिचित होती, हे दिसते.

त्या प्रसंगातील पंगतीचे वर्णन लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे. राजा भिंतीजवळच्या आपल्या आसनावर बसला आहे, सेनापती अबनेर त्याच्या शेजारी आहे, आणि दाविदाची जागा रिकामी आहे. पहिल्या दिवशी शौल काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तो विचारतो, पण त्या विचारण्यात काळजी नाही, संशय आहे. अखेर भर पंगतीत तो आपल्याच पुत्रावर भाला उगारतो आणि योनाथान न जेवताच उठून जातो. एका रिकाम्या जागेमुळे सबंध पंगत मोडली.

आपल्याही घरात अशी एखादी जागा असते. कोणी मोठा भाऊ, कोणी घराच्या इच्छेविरुद्ध लग्न केलेली मुलगी, कोणी व्यसनात अडकलेला पुतण्या. त्याचे नाव काढायचे नाही, असा अलिखित नियम होऊन बसतो. शौलाप्रमाणे आपण पहिल्या दिवशी गप्प राहतो. आणि बोललो, तर दोष काढण्यासाठी बोलतो. रिकाम्या जागेकडे पाहण्याची दुसरी रीत योनाथानाची आहे. तो गैरहजर असलेल्याची बाजू मांडतो, त्याची वाईट चर्चा होऊ देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः उठून त्याला भेटायला शेतात जातो. प्रत्येक कुटुंबाला असा एक योनाथान हवा असतो.

हन्नेचे अश्रू

एल्काना हा भक्तिमान गृहस्थ दरवर्षी सहकुटुंब शिलोच्या मंदिरात जात असे. तेथे यज्ञ होई, भोजन होई, आणि दरवर्षी त्याच भोजनाच्या वेळी त्याची पत्नी पनिन्ना ही अपत्यहीन हन्नेला टोचून बोलत असे. हन्ना रडे आणि तिला अन्न जात नसे (१ शमुवेल १:३–८). वर्षातून एकदा येणारा आनंदाचा दिवस तिच्यासाठी वर्षातील सर्वांत कठीण दिवस झाला होता.

ही कथा सणासुदीला आवर्जून आठवावी अशी आहे. लग्नाला चार-पाच वर्षे झालेल्या सुनेला 'गोड बातमी कधी?' असे विचारणारी मावशी पनिन्नेइतकी दुष्ट नसते. ती मायेनेच विचारते. तरी घाव तोच बसतो. नोकरी सुटलेल्या तरुणाला पगाराविषयी, अविवाहित मुलीला वयाविषयी, परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला चुलत भावाच्या गुणांविषयी विचारले की पंगतीतील घास घशाशी अडतो. एल्कानाचे हन्नेवर प्रेम होते. पण त्यालाही तिचे दुःख पुरते कळले नाही. आपण तिच्यासाठी दहा पुत्रांपेक्षा अधिक नाही का, असे तो विचारतो. एली याजकाला तर ती मद्य प्यालेली वाटली. घरच्यांना आणि धर्मगुरूलाही जे कळले नाही, ते देवाने ऐकले.

हन्नेच्या स्तुतिगीताचा (१ शमुवेल २:१–१०) मरियामातेच्या स्तोत्राशी (लूक १:४६–५५) निकटचा संबंध आहे. गर्विष्ठांना खाली आणून दीनांना उंच करणारा देव दोन्ही गीतांत आहे. म्हणजे नाताळच्या सुवार्तेचा एक धागा थेट या पंगतीत रडणाऱ्या स्त्रीपर्यंत मागे जातो. आपल्या मेळाव्यात हन्ना कोण आहे, हे ओळखणे आणि तिला प्रश्नांऐवजी मायेची सोबत देणे, ही नाताळची भक्तीच आहे.

ख्रिस्तजन्माच्या कथेतील नातेवाईक

आता नव्या कराराकडे वळू या. संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाचा प्रारंभ वंशावळीने करतो. ही नावांची लांब यादी वाचताना अनेकांना कंटाळा येतो, परंतु ती म्हणजे येशूच्या घराण्याचे जणू एक सामूहिक छायाचित्र आहे. त्यात अब्राहाम आणि दावीद आहेत, तसेच तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी याही आहेत. दाविदाचे पाप लपवण्यासाठी मत्तयाने ते नाव गाळले नाही. ज्या नातेवाइकाची आपल्याला लाज वाटते त्याला आपण छायाचित्रातून वगळतो. देवाने आपल्या पुत्राच्या कुळातून कोणालाही वगळले नाही.

संत लूक आपल्याला भेटीगाठींची कथा सांगतो. देवदूताचा निरोप मिळताच मरियामाता यहूदियाच्या डोंगराळ प्रदेशात आपल्या वयोवृद्ध नातलग स्त्रीकडे, अलीशिबेकडे, लगबगीने जाते आणि सुमारे तीन महिने तेथे राहते (लूक १:३९–५६). तरुणीने वृद्धेकडे जावे, आणि वृद्धेने तिला आशीर्वाद द्यावा. ख्रिस्ताविषयीचा पहिला मानवी जयघोष असा दोन पिढ्यांच्या भेटीत झाला. पुढे योहानाचा जन्म झाल्यावर शेजारी व नातलग जमले आणि बाळाचे नाव जखऱ्याच ठेवावे असा आग्रह धरून बसले. आईने योहान हे नाव सांगितले, तर तुमच्या नात्यात या नावाचा कोणी नाही, असे म्हणून त्यांनी तिचे ऐकले नाही (लूक १:५८–६३). अखेर मुक्या झालेल्या पित्याने पाटीवर तेच नाव लिहून तिच्या शब्दाला दुजोरा दिला. जमलेल्या गोतावळ्यात सुनेचा शब्द मागे पडतो तेव्हा तिच्या बाजूने उभे राहावे, हे जखऱ्याने बोलता येत नसतानाही केले.

बेथलेहेममधील 'जागा नव्हती' या प्रसंगाकडेही नव्याने पाहता येते. लूकने तेथे वापरलेला ग्रीक शब्द 'काताल्युमा' हाच पुढे शेवटच्या भोजनाच्या माडीवरील खोलीसाठी येतो (लूक २२:११). चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील धर्मशाळेसाठी त्याने वेगळा शब्द योजला आहे (लूक १०:३४). त्यामुळे अनेक अभ्यासकांच्या मते येथे धर्मशाळा नव्हे, तर घरातील पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी. त्या काळच्या साध्या घरांत रात्री जनावरे घराच्याच खालच्या भागात बांधीत आणि गव्हाणही तेथेच असे. पडवीला लागून गोठा असलेली आपली जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. या अर्थाने पाहिल्यास, पाहुण्यांनी भरलेल्या घरात माणसे थोडी सरकली आणि देवपुत्रासाठी जागा झाली. संत फ्रान्सिस असीसीकर यांनी १२२३ साली ग्रेचो येथे ज्या गोठ्याचा देखावा मांडला, त्याची परंपरा आपण अंगणात जपतो. ती घरातही दिसली पाहिजे.

याच अध्यायाच्या शेवटी पवित्र कुटुंबाच्या सणाला आळीपाळीने वाचला जाणारा आणखी एक उतारा आहे. सणानंतर नाझरेथकडे परतताना बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो. तो वाटसरूंच्या तांड्यात असेल, असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात. मग नातलग व ओळखीच्यांत शोध सुरू होतो (लूक २:४३–४५). मोठ्या मेळाव्यात माणूस असाच हरवतो. तो कोणाबरोबर तरी असेल, असे प्रत्येकाला वाटते. आतल्या खोलीत अंथरुणावर असलेल्या आजीजवळ कोणीतरी बसले असेल, असे पंगतीतील प्रत्येक जण समजतो, आणि तिच्याजवळ कोणीच नसते. मरिया व योसेफ यांची थोरवी ही, की चूक ध्यानात येताच ते तांडा सोडून मागे फिरले. पवित्र कुटुंबाच्या सणाला वाचला जाणारा सिराक ग्रंथातील उतारा तर पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याच्याशी सहनशीलतेने वागा, असे स्पष्ट सांगतो (सिराक ३). ज्यांच्या घरी स्मृती हरवलेले वृद्ध आहेत, त्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

वाटणी, वारसा आणि समेट

आपल्या भागात पंगतीतील जागा रिकामी पडण्याचे एक मोठे कारण जमीन हे आहे. गेल्या काही दशकांत वसईच्या वाड्यांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव वाढले, आणि एका विहिरीचे पाणी प्यालेले भाऊ सातबाऱ्यावरील नावासाठी, बांधासाठी किंवा बावखलाच्या कडेच्या वाटेसाठी न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला ते दोन टोकांच्या बाकांवर बसतात.

शास्त्राला हा तंटा अनोळखी नाही. अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत चराऊ जमिनीवरून भांडण झाले, तेव्हा वयाने व मानाने मोठ्या अब्रामाने पुतण्याला आधी निवड करण्याची मुभा दिली (उत्पत्ती १३:८–९). लोटाने पाण्याचा सुपीक प्रदेश घेतला. अब्रामाकडे उरलेली जमीन आली. आणि त्यानंतरच देवाने त्याला अभिवचनाची पुनरुक्ती करून दिली. भावाला वारसा वाटून द्यायला सांगा, अशी विनंती एकाने प्रभू येशूला केली, तेव्हा प्रभूने न्यायाधीश होण्याचे नाकारले आणि लोभापासून सावध राहण्याचा इशारा दिला (लूक १२:१३–१५). आपला हक्क मागणे पाप आहे, असे यातून निघत नाही. मात्र हक्काच्या लढाईत भाऊ गमावला, तर हाती काय उरते, हा प्रश्न प्रभू ऐकणाऱ्यापुढे ठेवतो.

बहिणींच्या हक्काविषयी शास्त्र अधिक स्पष्ट आहे. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून पित्याचा वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, असा निर्वाळा प्रभू देतो (गणना २७:१–७). भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसारही मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा आहे. नाताळला माहेरी आलेल्या बहिणीपुढे फराळाच्या ताटाबरोबर हक्कसोड पत्र ठेवून, संकोचापोटी तिची सही घेणे, हे कायद्याने चालून गेले तरी सुवार्तेच्या कसोटीला उतरत नाही. ती स्वखुशीने सोडत असेल, तर तो तिचा मोठेपणा. पण तिला विचार करायला वेळ आणि नाही म्हणायला मोकळीक मिळाली पाहिजे.

समेट कसा होतो, हे योसेफ आणि त्याच्या भावांच्या कथेत सविस्तर आले आहे. मिसर देशात भाऊ त्याच्या घरी जेवतात, परंतु अन्न वेगवेगळे वाढले जाते. योसेफाला वेगळे, भावांना वेगळे (उत्पत्ती ४३:३२). एका छपराखाली असूनही पंगत एक नाही. ती एक होते ती योसेफ रडतो आणि आपली ओळख देतो तेव्हा. तरी कथा तेथे संपत नाही. वडील याकोब वारल्यावर भावांना पुन्हा भीती वाटते, की आता हा सूड घेईल. आणि योसेफाला दुसऱ्यांदा क्षमेची ग्वाही द्यावी लागते (उत्पत्ती ५०:१५–२१). वडिलांच्या धाकाने टिकलेली एकी वडिलांच्या मागे टिकेल का, ही कसोटी प्रत्येक कुटुंबाची होते. क्षमा एकदा देऊन भागत नाही. आई-वडिलांच्या मृत्यूनंतर ती नव्याने द्यावी लागते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. समेट म्हणजे अत्याचार झाकणे नव्हे. जेथे मारहाण, छळ किंवा मुलांना धोका आहे, तेथे सणाच्या नावाखाली पीडित व्यक्तीला त्याच घरात परत ढकलणे अन्यायाचे ठरेल. संत योसेफाने बाळ आणि त्याची आई यांना घेऊन रातोरात मिसरची वाट धरली, ती हेरोदाशी जुळवून घेण्यासाठी नव्हे (मत्तय २:१३–१५). आपल्याकडून होईल तितके शांतीने राहा, असे संत पौल सांगतो (रोम १२:१८). सर्व काही आपल्याच हाती नसते, हे त्यालाही ठाऊक होते.

प्रभूने रुंद केलेली पंगत

रक्ताचे नाते मोलाचे असले तरी येशूने कुटुंबाची सीमा तेथेच आखली नाही. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत, असे सांगण्यात आले तेव्हा देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारा तो आपला भाऊ, बहीण व आई, असे त्याने म्हटले (मार्क ३:३१–३५). मेजवानी देणाऱ्याने परतफेड करू शकणाऱ्या नातलगांपुरते आमंत्रण न ठेवता गरिबांना बोलवावे, असे त्याने सांगितले (लूक १४:१२–१४). क्रुसावर असताना त्याने आपली आई एका शिष्याच्या घरी सोपवली (योहान १९:२६–२७). जुन्या करारातही सणाच्या आनंदात अनाथ, विधवा आणि परदेशी यांचा वाटा ठरवून दिलेला होता (अनुवाद १६:११). शेजारीपाजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, फराळाचे ताट पाठवण्याची आपली रीत याच शिकवणीशी जुळते. गावातील वसतिगृहात राहणारे आदिवासी विद्यार्थी, बांधकामावरील परप्रांतीय मजूर आणि घरी एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती यांच्यापर्यंत ते ताट पोहोचावे.

घरी करता येण्याजोगी साधी उपासना

नाताळच्या दिवशी किंवा पवित्र कुटुंबाच्या रविवारी जेवणापूर्वी पंधरा मिनिटे पुढील क्रम ठेवता येईल. घरातील सर्वांत लहान मुलाने गोठ्याजवळ मेणबत्ती लावावी. कोणी तरुणाने लूक २:१–२० हा उतारा सावकाश वाचावा. मुलांना एक-दोन प्रश्न विचारू द्यावेत, आणि उत्तर घरातील ज्येष्ठांनी द्यावे. त्यानंतर वर्षभरात निधन पावलेल्यांची नावे मोठ्याने घ्यावीत; जे दूर देशी आहेत त्यांची घ्यावीत; आणि ज्यांच्याशी बोलणे बंद आहे त्यांचीही घ्यावीत. शेवटी हातात हात घेऊन प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि आजी-आजोबांनी सर्वांना आशीर्वाद द्यावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात 'कृपया', 'आभारी आहे' आणि 'क्षमा कर' हे तीन शब्द घरात जपावेत, असे सुचवले होते. त्या दिवशी प्रत्येकाने यांतील निदान एक शब्द एका तरी व्यक्तीला उद्देशून उच्चारावा.

बोलणे बंद असलेल्या व्यक्तीचे नाव प्रार्थनेत घेणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी उंबऱ्याबाहेरची आहे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ५:२३–२४) नाताळकाळात पाळणे तुलनेने सोपे असते, कारण फराळाचे ताट घेऊन कोणाच्याही दारात जाण्याची मुभा या दिवसांत समाजच देतो. कोर्टातील दावा एका ताटाने मिटणार नाही. पण दावा वकिलांकडे राहून भावंडे बोलू लागली, तर तेही थोडे नाही. स्वतः जाण्याचा धीर होत नसेल, तर मुलांना पाठवावे. चुलत भावंडांनी आई-वडिलांचे वैर वारशात घेऊ नये. जमल्यास आपल्या धर्मगुरूंना अथवा गावातील एखाद्या जाणत्या, निःपक्षपाती व्यक्तीला सोबत न्यावे.

प्रभू येशू शब्दरूपाने आपल्यात राहायला आला, तो एका घरात आला. नाझरेथमध्ये त्याने आयुष्याची सुमारे तीस वर्षे कुटुंबात काढली. ती वर्षे वाया गेली नाहीत. म्हणून आपण जेवणाला बसतो, वाढतो, आठवणी सांगतो, रुसलेल्याची समजूत काढतो, तेव्हा आपण त्याच्याच पावलांवर चालत असतो. यंदाच्या नाताळकाळात प्रत्येक घराने पंगत मांडताना क्षणभर थांबून पाहावे, की कोणाची जागा रिकामी आहे. आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळकाळ संपण्यापूर्वी त्या एका व्यक्तीच्या दारापर्यंत तरी जावे. पवित्र कुटुंबाची मध्यस्थी आपल्या सर्व घरांस लाभो.